मळ्यातल्या जुन्या समाध्यांची निगा: पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

आजोबा जातात, वडील थकतात, आणि एके दिवशी चुलत्यांचा फोन येतो, "ओढ्याकडेच्या समाध्यांकडं आता तुम्हीच बघायचं." पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे काम असंच पुढच्या हातात पडतं. मळ्याच्या कोपऱ्यात दोन-चार चौथरे, एखादं दगडी वृंदावन, पादुका कोरलेला चिरा, शेजारी लिंबाचं झाड. लहानपणी तिथं नारळ फोडताना मागं उभं राहिलेलो असतो, पण कोण कुणाची समाधी हे विचारायचं राहून गेलेलं असतं. माझंही तसंच झालं. आमच्या पाच समाध्या आहेत आणि पहिल्या वर्षी मला त्यांतल्या दोघांचीच नावं माहीत होती. गेल्या काही वर्षांत जे शिकलो, ते या कामाला नव्यानं लागणाऱ्यांसाठी क्रमानं लिहितो.

पहिल्यांदाच एक कळकळीची विनंती. गावी गेल्या गेल्या "जीर्णोद्धार" काढू नका. जुन्या समाधीला दरवर्षीची थोडी निगा लागते. दहा वर्षांतून एकदा पैसे गोळा करून केलेल्या मोठ्या कामानं तिचं जेवढं नुकसान होतं, तेवढं गवतानं होत नाही.

आधी माणसं, मग दगड

खुरपं घेण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बसा. मुद्दाम बाई म्हणतोय. पुरुष बहुधा थोरल्या पातीतले, वतनाचे, लढाईत पडलेले पुरुष सांगतात. बाळंतपणात गेलेली, साथीत गेलेली, माहेरी येऊन वारलेली, ही माणसं बायकांच्या आठवणीत असतात. शक्य असेल तर त्यांना गाडीतून समाधीपाशीच न्या. घरात बसून "काय आठवत नाही बाबा" म्हणणारी माणसं जागेवर गेली की आपोआप बोलायला लागतात. फोनवर बोलणं रेकॉर्ड करा, पण आधी विचारून.

नंतर भावकी. चार घरांत चार हकिकती निघतील, चारही लिहून घ्या. कोणती खरी हे पहिल्याच दिवशी ठरवायला जाऊ नका.

त्यानंतर वह्या. सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात हेळवी येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे. घराण्याची वंशावळ त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या असते आणि ते ती वाचून दाखवतात. तुमच्या गावाला येणारा हेळवी कोण हे जुन्या माणसांना ठाऊक असतं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडंही यात्रेला आलेल्यांच्या नामावळी आहेत. जाताना मूळ गाव, आडनाव आणि आजोबा-पणजोबांची नावं सांगता आली पाहिजेत. आमच्या एका समाधीचं नाव मला अशाच नामावळीत, पणजोबांच्या सहीशेजारी मिळालं.

एक वही आणि एक सकाळ

दुसऱ्या फेरीला फक्त बघायला जा. सोबत वही, मोजपट्टी आणि फोन. कागदावर ढोबळ नकाशा काढा: ओढा, बांध, विहीर, झाड, आणि प्रत्येक समाधीला एक नंबर. प्रत्येकीचे चारही बाजूंनी फोटो, एक फोटो वरून, आणि फोटोत मोजपट्टी ठेवलेली असू द्या. कुठं सांधा उघडा पडलाय, कुठं चिरा सरकलाय, कुठं मूळ शिरलंय, तारीख घालून नोंदवा. पुढच्या वर्षी तडा वाढला की तेवढाच आहे, हे या फोटोंवरूनच कळेल. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका.

काय कोरलंय तेही लिहा. पादुका बहुतेक ठिकाणी दिसतील. वर शिवलिंग असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. दशनामी गोसावी, नाथपंथी, लिंगायत यांच्यात दफनाची रीत आहे आणि त्यांच्या समाधीवर लिंग असतं, पण दहन केलेल्या जागेवर बांधलेल्या समाधीवरही लिंग किंवा नंदी सापडतो. तुमच्या घरात रीत कोणती हे विचारूनच ठरवा. समाधीची बांधणी कशी असते हे डोळ्यांत बसवायचं असेल, तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला एकदा जाऊन या. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर सातारच्या राजघराण्यातल्या समाध्या आहेत, थोरल्या शाहू महाराजांची आहे आणि त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. जोतं, पट्टी, वरचा थर, पाण्याला वाट कशी काढून दिलीय, सगळं तिथं शांतपणे बघता येतं.

अक्षरं वाचणं

या कामात मला सगळ्यात जास्त आनंद इथं मिळाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झिजलेली अक्षरं दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. सकाळी सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळी जा, उजेड तिरपा पडतो आणि खाचेत सावली धरते. नाहीतर रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं मारा. समोरून मारली तर काहीच कळणार नाही. दगड ओल्या फडक्यानं पुसल्यावरही काही अक्षरं उठून दिसतात. खडू, हळद, पीठ चोळू नका. पिठाला मुंग्या आणि बुरशी येते, खडू खाचेत बसतो आणि पुढचा माणूस खडूचीच रेघ अक्षर म्हणून वाचतो. खिळ्यानं खाच "मोकळी" करणं तर कधीच नको.

मजकूर बहुधा देवनागरीत असतो: श्री, मग शके, संवत्सराचं नाव, महिना, तिथी, नाव. शक इसवी सनात आणायला ७८ मिळवायचे. शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी हा शिवराज्याभिषेक, म्हणजे १६७४. पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात, कारण इसवी सन बदललेला असतो आणि शक पाडव्यालाच बदलतो. संभाजी महाराज गेले ती फाल्गुन वद्य अमावास्या शके १६१० ची. ७८ मिळवलेत तर १६८८ येईल, खरं साल १६८९. घरातल्या मोडी कागदांवर शुहूर सन (जुन्या दफ्तरांतली वेगळी कालगणना) दिसला तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात.

संवत्सराच्या नावाला कमी लेखू नका. संवत्सरं साठ, मग पुन्हा पहिल्यापासून. आकडा फुटला असला तरी नाव शिल्लक असेल तर साल निघतं. आमच्या पाचव्या समाधीचा अनुभव सांगतो. ती समाधी म्हणजे दोन वीत रुंदीचा एक चिरा. वर पावलांचा एक जोड आणि त्याला लागून आणखी एक जोड, अगदी इवलासा, माझ्या अंगठ्याएवढा. त्या पावलांना कोरणाऱ्यानं बोटंसुद्धा काढलीत, पाचही. घरात सगळे तिला "माय-लेकराची" म्हणायचे, पण कोण माय, कोणतं लेकरू, कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्या काकींना तिथं खुर्ची टाकून बसवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाई सांगायच्या, मानमोडीत त्यांची थोरली जाऊ गेली, अंगावरच्या पोराला घेऊन गेली. घरात पाणी द्यायला माणूस उभा नव्हता."

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. चिऱ्याच्या कडेला दोन ओळी होत्या, शेवाळानं भरलेल्या. पुढच्या खेपेला पाणी आणि मऊ ब्रश घेऊन एक तास घालवला आणि संध्याकाळी टॉर्च लावली. "शके १८" वाचता आलं, पुढचा टवका उडालेला. त्यानंतर "कालयुक्त", आणि खाली "आश्विन". पंचांगातली साठ नावांची यादी घेऊन मोजत बसलो. शके १८०० ते १८९९ मध्ये कालयुक्त संवत्सर एकदाच येतं, शके १८४० ला. त्यात ७८ मिळवा. आश्विन म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर, साथ सगळ्यात भयंकर होती तेच दिवस. काकींना फोन करून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सासूबाई बरोबर सांगत होत्या." नाव अजून मिळालेलं नाही. हेळव्याची वही बघायची आहे, पण त्या वह्यांत सुनांची नावं कमीच असतात.

गवत, किडा-मुंगी, पिंपळ

गवत काढायला लख्ख दिवसा, पायात बूट घालून जा. काठी आपटत जा. सैल दगड उचलताना बोटं आधी खाली घालू नका, पहारीच्या टोकानं उचला. विंचू असतोच, आणि आपल्या भागात घोणस आणि फुरसंही. झाडावर किंवा समाधीवरच्या छत्रीच्या (दगडी घुमटीच्या) आत आग्या मोहोळ आहे का हे आधी बघा. असेल तर त्या दिवशी धूप, उदबत्ती, धूर काही करू नका, परत या.

गवत पेटवून जागा साफ करायची सवय गावोगावी आहे. ती सोडा. काळा दगड आगीनं तापला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि कोरीव काम सगळ्यात आधी जातं. विळ्यानं कापा, मुळापासून उपटायच्या भानगडीत सांधे हलवू नका.

पिंपळ, वड, उंबर यांची रोपं सांध्यात उगवतात. दोन पानांचं असेल तर पावसाळ्यात ओल असताना हळूच निघतं. बोटाएवढं जाड झालं असेल तर ओढू नका, मुळासकट चिरा बाहेर येईल. बुडाशी कापा, कृषी दुकानातून खोडावर लावायचं तणनाशक विचारून आणा, ताज्या कापावर ब्रशनं लावा आणि वर्षभर लक्ष ठेवा. पिंपळ तोडायला घरातली माणसं कचरतात, त्यांचं मन राखायचं तर रोप लहान असतानाच काढून ओढ्याच्या काठी लावा. आमच्याकडं असंच करतात. मोठं झाड समाधीला कवटाळून उभं असेल तर हात लावू नका, ते झाडच आता तिला धरून आहे.

धुणं

साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूची कामटी. एवढंच सामान. आधी दगड चांगला भिजवा, अर्धा तास थांबा, मग खालून वर घासत या आणि वरून पाणी सोडा. दगडफूल कोरडं असताना खरवडलं तर दगडाचा पातळ थर घेऊन निघतं, भिजलं की कामटीनं सुटतं. जे सुटत नाही ते राहू द्या. समाधी जुनी दिसली तर बिघडलं काय?

तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, साबणाची पूड नको, गाडी धुवायचा प्रेशर पंप तर नकोच. पहिल्या वर्षी मी एका कोपऱ्यावर फरशीचं ॲसिड टाकून बघितलं होतं. तिथला दगड आजही पांढुरका आणि खरखरीत आहे, दर पावसाळ्यात तिथंच आधी शेवाळ धरतं.

शेंदराचे थर असतील आणि पूजा चालू असेल, तर थर उकरू नका. ऑइलपेंट आधीच कुणी दिला असेल तर तो ग्राइंडरनं काढायच्या मागं लागू नका, पुढं मात्र देऊ नका. रंगाखाली ओल अडकते आणि दगड आतून भुसभुशीत होतो. पूजेच्या सवयीही थोड्या बदला. नारळ समाधीच्या कडेवर न फोडता बाजूला एक दगड ठरवून त्यावर फोडा, पणती ताटलीत ठेवा, उदबत्ती सांध्यात खोचू नका. आमच्या मधल्या समाधीच्या एका पादुकेचा अंगठा नारळ फोडून फोडूनच गेलाय.

सांधे भरायचे तर चुन्यानं

भावकीतल्या एका घरानं काही वर्षांपूर्वी ठेकेदार बोलावला. त्यानं जोतं सिमेंटनं लिंपलं, वर चकचकीत फरशी बसवली, नावाचा ग्रॅनाइट लावला. सगळ्यांना छान वाटलं. तीन पावसाळ्यांत सिमेंट तडकलं, पाणी आत शिरलं, बाहेर यायला वाट राहिली नाही. काढायला गेलो तर जुन्या दगडाच्या कडा घेऊनच सिमेंट निघालं. जोत्यावर कमळाची पट्टी होती, ती आता अर्धीच आहे. मला त्या पट्टीकडं बघवत नाही.

जुने सांधे चुन्याचे असतात. चुना मऊ, दगड कठीण, म्हणून हलायचं झालं तर चुना भेगाळतो आणि दगड वाचतो. ओलही सांध्यातून सुकून जाते. सिमेंटचं उलटं होतं. म्हणून दरजा (दगडांमधल्या फटी) भरायच्या तर चुन्यानंच. कळीचा चुना (न विरलेली ढेकळं) आणून भिजवून महिनाभर मुरवा. भिजवताना चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो आणि अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवा आणि पोरं लांब हवीत. मुरलेला चुना एक वाटा, चाळलेली वाळू अडीच वाटे, त्यात थोडी विटांची सुरखी, म्हणजे भुकटी. जुने गवंडी गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणीही घालायचे, तसा गवंडी भेटला तर त्याचं ऐका. सांध्यातली सुटी माती काढा, सांधा ओला करा, दाबून भरा, दगडाच्या पातळीपेक्षा किंचित आत ठेवा. मग दहा-बारा दिवस ओलं पोतं. हे काम दिवाळीनंतर थंडीत करा, कडक उन्हात चुना भगभगीत सुकतो आणि झडतो. चिरा सरकला असेल, छत्री कलली असेल, तर तो आपला प्रांत नाही. जुन्या दगडी कामातला जाणकार बोलवा.

वीरगळ आणि सतीशिळा

समाध्यांशेजारी उभा कोरीव दगड असेल तर नीट बघा. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, त्यावर सहसा तीन-चार चौकटी असतात: खाली लढाई किंवा गाई सोडवण्याचा प्रसंग, मध्ये अप्सरा वीराला वर नेताना, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर चंद्र-सूर्य. वाचायचा खालून वर. तो उचलून देवळाच्या आवारात नेण्याचा मोह आवरा. माणूस कुठं पडला, कुणासाठी पडला, याची खूण त्या जागेतच असते.

सती गेलेल्या बाईच्या आठवणीच्या दगडावर, म्हणजे सतीशिळेवर, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. तिलाही पाणी घाला, तिच्याभोवतीचं गवत काढा. पण तिचं नवं देऊळ, जत्रा, उदो उदो करू नका. सतीचा गौरव करणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. त्या बाईचं दुःख आठवायचं, प्रथेची आरती करायची नाही.

कागद आणि भावकी

सातबारा काढून समाधी कुणाच्या गटात येते ते बघा. वाटण्यांत जमीन चुलत्याकडं गेलेली असते, विकलेलीही असते. अशा वेळी नव्या मालकाला घरी जाऊन भेटा, वर्षातून किती वेळा याल ते सांगा, बांधावरून येण्याची वाट ठरवून घ्या. जमीन अजून विकायची असेल तर समाधीची जागा आणि वाट खरेदीखतात लिहून घ्या. तोंडी शब्द एक पिढी टिकतो.

जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. खोदताना नाणी किंवा दागिने सापडले तर ते घरी नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

कोणत्या दिवशी काय

पितृपक्ष भाद्रपदात येतो तेव्हा गवत छातीएवढं असतं आणि वाट चिखलाची. म्हणून गवत कापणं आधीच्या रविवारी उरका, तिथीच्या दिवशी फक्त पाणी, फुलं आणि नैवेद्य. ज्यांची तिथी दगडावरून निघाली त्यांना त्या तिथीला आठवा. सवाष्ण गेलेल्यांची अविधवा नवमी, शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांची चतुर्दशी, ज्यांचं काहीच ठाऊक नाही त्यांची सर्वपित्री अमावास्या. अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेलं मडकं द्यायची रीत आहे, खानदेशात या दिवसाला आखाजी म्हणतात आणि घागर भरतात. उन्हाळ्यातली ती खेप पडझड बघायला सगळ्यात सोयीची, गवत वाळलेलं असतं.

तुमच्या घरची रीत वेगळी असेल. वसईचे ख्रिस्ती २ नोव्हेंबरला सिमेटरीत कबरी धुऊन मेणबत्त्या लावतात, शब-ए-बरातला मुसलमान घरं कब्रस्तानात जातात, अलिबागकडच्या बेने इस्राएल दफनभूमीत मराठीत कोरलेले दगड आहेत. दगड, पाणी, चुना याबद्दल वर लिहिलेलं सगळ्यांना सारखंच लागू पडतं.

पोरांना घेऊन जा आणि त्यांना काम द्या. आमच्याकडं प्रत्येक पोराला एक समाधी वाटून दिलीय. तिला पाणी घालायचं, नंबर बघायचा, वहीतलं तिचं पान मोठ्यानं वाचायचं. पाचव्या नंबरच्या पानावर नावाची जागा मोकळी आहे. माझी पुतणी ते पान वाचते तेव्हा तिथं थांबते, आणि मग "शके १८४०, आश्विन, आई आणि बाळ" एवढं वाचून इवल्या पावलांवर पाणी घालते.